मातीच्या नावाचा जिल्हा

जिल्ह्याच्या गॅझेटियरची मांडणी ठरलेली असते. आधी डोंगर, नद्या आणि माती, मग इतिहास, मग लोक आणि जाती, त्यानंतर शेती, सिंचन, महसूल. एच. आर. पेट यांनी तयार केलेले तिरुनेलवेली जिल्ह्याचे १९१७चे गॅझेटियर याच घडणीचे आहे. अशा ग्रंथांची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. पण त्यांच्या मांडणीत एक गृहीतक दडलेले असते: माती ही एक गोष्ट, इतिहास ही दुसरी आणि माणसे ही तिसरी. या जिल्ह्याच्या ईशान्येकडच्या काळ्या जमिनीतून आलेल्या तमिळ कथा-कादंबऱ्यांनी हे गृहीतक मोडून काढले आहे. त्या मराठीत आणताना नेमके काय सांभाळायचे, हे ठरवण्यासाठी आधी ही मोडतोड समजून घ्यावी लागते.

जुना तिरुनेलवेली जिल्हा म्हणजे तीन वेगवेगळे प्रदेश. पश्चिम घाटातून येणारी ताम्रपर्णी मन्नारच्या आखाताला मिळते. तिच्या दोन्ही काठांना भातशेती, देवळे आणि जुनी अग्रहारे. आग्नेयेकडे तांबड्या वाळूच्या टेकड्या, ज्यांना तिकडे 'तेरी' म्हणतात, आणि ताडाची झाडे. ईशान्येला कोविलपट्टीच्या आसपास पसरलेली काळी, कोरडवाहू जमीन म्हणजे 'करिसल'. कापूस, बाजरी, ज्वारी, वरीसारखी बारीक धान्ये. विहीर लागली तर बागायत, नाहीतर सगळी मदार आभाळावर. सरकारने जिल्ह्याच्या सीमा अनेकदा बदलल्या. १९१०मध्ये शिवकाशीकडचा भाग रामनाड जिल्ह्यात गेला, १९८६मध्ये पूर्वेचा भाग तोडून आजचा तूतुकुडी जिल्हा झाला, २०१९मध्ये तेनकासी वेगळा निघाला. काळी माती आता तीन जिल्ह्यांत वाटली गेली आहे. साहित्यात मात्र तिचे तुकडे झाले नाहीत. तमिळमध्ये या लेखनाला 'करिसल साहित्य' म्हणतात. मराठीत आपण 'ग्रामीण साहित्य' म्हणतो, तेव्हा गाव आणि शहर यांच्यातला फरक मनात असतो. तिथे वर्गाला नावच मातीने दिले आहे.

हे नाव रूढ होण्यात सर्वात मोठा वाटा कि. राजनारायणन यांचा. जन्म १९२३, कोविलपट्टीजवळचे इडैसेवल गाव, मृत्यू २०२१. त्याच गावात त्याच वर्षी कु. अळगिरीसामी जन्मले. एका लहान खेड्याने दोन साहित्य अकादमी विजेते दिले, ही गोष्ट आजही तिकडे अभिमानाने सांगितली जाते. कि. रा. शेतकरी होते, शाळेचे शिक्षण मोजकेच, लेखनाला सुरुवात वयाच्या पस्तिशीच्या आसपास. १९८२मध्ये त्यांनी करिसलच्या बोलीचा कोश प्रसिद्ध केला आणि १९८४मध्ये या मातीतल्या लेखकांच्या कथांचे संकलन केले. दोन्ही कामे त्यांच्या कादंबऱ्यांइतकीच महत्त्वाची आहेत असे मला वाटते. गॅझेटियर जे बाहेरून, अधिकाऱ्याच्या भाषेत मांडते, ते हा कोश आतून, बोलणाऱ्याच्या तोंडून मांडतो. पावसाचे प्रकार, जमिनीच्या अवस्था, अवजारे, नातीगोती, शिव्या हे सगळे एकाच अकारविल्हे क्रमात येते. तिथे भूगोल आणि लोक यांना वेगळी प्रकरणे नाहीत.

त्यांची 'गोपल्ल ग्रामम्' १९७६मध्ये आली. एका पाणवठ्यावर दागिन्यासाठी गर्भवती बाईचा खून होतो, आणि त्या घटनेपासून गावाची गोष्ट उलगडू लागते. तेलुगू मुलखातून एका राजाच्या जाचाला भिऊन पळालेली घरे दक्षिणेकडे येतात, जंगल जाळून जमीन मोकळी करतात आणि गाव वसवतात. ही हकीकत शंभरी कधीच ओलांडलेली एक आजी सांगते. तिच्या सांगण्यात चमत्कार आहेत, वर्षांचा हिशेब नाही.

याच्या शेजारी रॉबर्ट काल्डवेल यांचा तिरुनेलवेलीचा इतिहास ठेवून पाहावा. द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिणारे हेच ते मिशनरी. त्यांचे आयुष्य याच जिल्ह्यातल्या तेरीच्या प्रदेशात, इडैयनगुडीला गेले. १८८१मध्ये आलेला त्यांचा ग्रंथ प्राचीन काळापासून निघतो आणि १८०१मध्ये, जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात जातो तिथे थांबतो. पांचालंकुरिचीच्या कट्टबोम्मनला १७९९मध्ये कयत्तारला फाशी दिले गेले, पाळेगारांचा पाडाव झाला, आणि इतिहासाचे काम संपले. कि. रां.च्या गावात कंपनी सरकार ही दुरून, उशिरा पोचलेली बातमी आहे. काल्डवेल यांच्यासाठी जो शेवट, तो या गावासाठी अजून नीट सुरूही झालेला नाही. कोणत्या क्षणाला आपण इतिहास म्हणतो, हा प्रश्न कादंबरी एकही वाद न घालता उभा करते.

या गावकऱ्यांची घरची भाषा तेलुगू आणि त्यांची गोष्ट लिहिली गेली तमिळमध्ये. तंजावरच्या मराठी घरांमुळे असे दुहेरी आयुष्य आपल्याला अगदी अनोळखी नाही. फरक इतकाच की तंजावरचे मराठी राजसत्तेबरोबर आले आणि नदीकाठी राहिले. हे लोक नांगर घेऊन काळ्या मातीत शिरले. डेव्हिड लडन यांनी १९८५च्या आपल्या अभ्यासात तिरुनेलवेलीच्या शेतीचे ओला, कोरडा आणि मिश्र असे पट्टे पाडून दाखवले आहे की तेलुगू वसाहती काळ्या जमिनीवर एकवटल्या, कारण ती कसण्याचे ज्ञान त्यांच्याकडे होते. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'रेगूर' हा शब्द शिकतो, त्याचे मूळही तेलुगू 'रेगड'मध्ये आहे. म्हणजे ही माणसे मातीसाठी आली आणि सोबत मातीचा शब्द घेऊन आली. माती, इतिहास आणि लोक यांची तीन प्रकरणे इथे एका शब्दात मावतात.

मात्र या कादंबरीच्या प्रेमात पडताना एक गोष्ट नजरेआड होते. आजीच्या गोष्टीत जंगल रिकामे आहे. पळून आलेली दुबळी माणसे निर्मनुष्य रानात गाव वसवतात. इतिहास इतका निरागस नाही. सोळाव्या शतकापासून मदुरैत नायकांची, म्हणजे तेलुगू भाषकांचीच सत्ता होती आणि अनेक पाळेगार त्याच भाषेचे होते. या वसाहतींच्या मागे एक राजकीय बळही होते. रानातही कोणीतरी गुरे चारत असेल, शिकार करत असेल. जमिनीवरचा हक्क सांगणाऱ्या बहुतेक कुळकथा 'इथे कोणी नव्हते' अशाच सुरू होतात. कि. रा. ती कथा आजीच्या तोंडी ठेवतात, स्वतः तिची हमी देत नाहीत. पण वाचक ती हमी देऊन मोकळा होतो, आणि अनुवादकाने सूर थोडा जास्त हळवा केला तर तोही देतो.

म्हणून कि. रां.च्या जोडीला पूमणी वाचायलाच हवेत. तेही कोविलपट्टीच्या परिसरातले, पण त्यांची नजर जमीन नसलेल्यांची आहे. 'पिरगु' या १९७९च्या कादंबरीचा नायक चामड्याचे काम करणारा आहे. मोट शिवणारा नसेल तर विहिरीचे पाणी वर येत नाही, तरी जमिनीच्या कागदावर त्याचे नाव नसते. काळ्या मातीचा हा हिशेब कुळकथेत येत नाही. 'वेक्कै'मध्ये पंधरा वर्षांचा मुलगा भावाच्या खुनाचा सूड घेतो आणि बापाबरोबर रानोमाळ लपतो. तिथे भूगोल पिकांनी ओळखला जात नाही, लपायच्या जागांनी ओळखला जातो. हजारांहून अधिक पानांच्या 'अञ्ञाडी'त कळुगुमलैची १८९५ची दंगल येते. सरकारी नोंदीत अशी दंगल म्हणजे मिरवणुकीच्या वाटेवरून दोन जातींत झालेले भांडण. पूमणी तिच्याआधीची आणि नंतरची माणसे दाखवतात, आणि ती वाट कोणाची हा प्रश्न पिढ्यांमागे जातो.

आता मराठीचा प्रश्न. काळी माती, कापूस, कोरडवाहू शेती हे ऐकले की अनुवादकाचा हात सहज वऱ्हाडीकडे जातो. मोह समजण्यासारखा आहे, पण मला तो चुकीचा वाटतो. पहिले कारण पाऊस. करिसलला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला. तिथली पेरणी पुरट्टासी-ऐप्पसी या महिन्यांत, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास. वऱ्हाडी बोलणारा शेतकरी मृगाची वाट पाहतो. एका शब्दाबरोबर सगळे पंचांग आत येते, आणि वाचक आश्विनात कापणीला निघतो तेव्हा पुस्तकात अजून पाभर बाहेर पडत असते. दुसरे कारण, वऱ्हाडी ही खऱ्या माणसांची भाषा आहे. तिला स्वतःचे साहित्य, जाती आणि जखमा आहेत. परक्याला चढवायचा तो अंगरखा नव्हे.

तरीही काळ्या मातीत शेती करणाऱ्या मराठी माणसाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. 'वाफसा' हा शब्दच घ्या. पावसानंतर पाय रुतणार नाही आणि ढेकूळही निघणार नाही अशी जमिनीची अवस्था. करिसलच्या शेतकऱ्याला ती तितकीच ठाऊक आहे. 'सीमै करुवेलम' या परदेशी काटेरी झाडाला आपल्याकडे 'वेडी बाभूळ' हे तयार नाव आहे. तिफण, वखर, सरकी, बोंड, वेचणी हे कामाचे शब्द घ्यावेत. बोलीची हेल, क्रियापदांची रूपे घेऊ नयेत. महिन्यांची नावे तमिळच ठेवावीत.

निवेदनाचा प्रश्न याहून अवघड आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त बाहेरून आलेला शिक्षक प्रमाणभाषेत सांगतो आणि माणसे आपल्या बोलीत बोलतात. मराठी वाचकाचा कान या विभागणीला सरावला आहे. कि. रां.कडे सांगणारा आणि ज्यांच्याबद्दल सांगतो ते लोक एकाच ओसरीवर बसलेले असतात. लेखी आणि बोली तमिळ यांच्यातले अंतर मोठे असल्यामुळे हा निर्णय तमिळमध्ये धाडसाचा होता. मराठीत निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत अशी वाटणी केली, तर सांगणारा ओसरीवरून उठून गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्यापेक्षा निवेदनाची मराठीच बोलण्याच्या लयीत सैल करावी: छोटी वाक्ये, 'मग काय', 'तर असं', मधेच वळणे. कोणत्या जिल्ह्याची बोली ते कळू नये. कोणीतरी बोलते आहे हे मात्र प्रत्येक ओळीत कळावे.