सार्वजनिक विधीचा विद्यापीठीय अभ्यास : पेण व रोहा परिसराच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

शासन आणि नागरिक यांच्यातील संबंधांचे नियमन करणारा कायदा म्हणजे सार्वजनिक विधी होय. संविधानात्मक विधी व प्रशासकीय विधी ही त्याची दोन प्रमुख अंगे मानली जातात. विद्यापीठीय अध्यापनात क्रैपाक (१९६९), केशवानंद भारती (१९७३), मनेका गांधी (१९७८) या निवाड्यांना मध्यवर्ती स्थान आहे व ते योग्यही आहे. तथापि निवाडा हा वादाचा शेवटचा टप्पा असतो. नोटीस, हरकत, सुनावणी, आदेश हे आधीचे टप्पे तालुक्याच्या कचेरीत घडतात आणि बहुसंख्य नागरिकांचा कायद्याशी संबंध तेवढाच येतो. अभ्यासाची मर्यादा नेमकी येथेच दिसते.

पेण : कौल आणि कायदा

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी होणाऱ्या भूसंपादनाबाबत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. कौल मोठ्या प्रमाणावर विरोधात गेल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. या घटनेचा अभ्यास प्रामुख्याने जनआंदोलनाचा अध्याय म्हणून होतो. सार्वजनिक विधीच्या दृष्टीने तिच्यातील प्रश्न मात्र वेगळा आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील कलम ५-अ नुसार हितसंबंधी व्यक्तीस ३० दिवसांत हरकत घेता येत असे. परंतु अशा मतदानाची तरतूद त्या कायद्यात नव्हती. पंचायत विस्तार कायदा, १९९६ केवळ अनुसूचित क्षेत्रांना लागू असल्याने पेणला त्याचाही आधार नव्हता. मग कायद्याने बंधन नसताना शासनाने स्वतःहून मागविलेल्या मताचे वैधानिक मूल्य काय? ते विचारात घेण्याचे व वेगळा निर्णय घेतल्यास कारणे देण्याचे बंधन शासनावर येते काय? रास्त अपेक्षेचे तत्त्व येथे कितपत लागू होते?

पुढे हा प्रकल्प उभा राहिला नाही आणि हे प्रश्न निवाड्याच्या रूपाने पाठ्यपुस्तकात आले नाहीत. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या भूसंपादन कायद्याने मात्र खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनास ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीतील प्रकल्पांना ७० टक्के बाधित कुटुंबांच्या पूर्वसंमतीची अट घातली. संमतीचे हे तत्त्व शिकविताना पेणच्या अनुभवाचा आधार घेतला, तर कायद्याच्या कलमामागील सामाजिक कारण विद्यार्थ्यांना उमगेल.

रोहा : नदी आणि नोंदवही

रोहा तालुक्यातील धाटाव औद्योगिक वसाहत आणि कुंडलिका नदीचे प्रदूषण हा दुसरा दाखला होय. 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व वेल्लोर निवाड्याच्या (१९९६) आधारे सर्वत्र शिकविले जाते. त्या मानाने जल प्रदूषण कायदा, १९७४ मधील कलम २५ कडे फारसे लक्ष जात नाही. सांडपाणी सोडण्यासाठी दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही राज्य मंडळाने ठेवावी व बाधित व्यक्तीस ती पाहता यावी, अशी तरतूद त्यात आहे. खाडीतील मच्छीमारास तत्त्वाइतकीच या नोंदवहीची गरज आहे. अटी कोणत्या, त्या मोडल्यास मंडळ काय करते व त्यास किती काळ लागतो, हे प्रशासकीय विधीच्या संशोधनाचे अस्सल विषय आहेत.

विद्याशाखा आणि भाषा यांतील दुरावा

या विषयांची उपेक्षा होण्याची दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे विद्याशाखांची विभागणी. विधी महाविद्यालयात निवाडे, राज्यशास्त्रात संस्था, अर्थशास्त्रात मोबदला आणि रसायनशास्त्रात पाण्याचे नमुने अभ्यासले जातात; शासकीय निर्णय अखंडपणे कोणीच पाहत नाही. दुसरे कारण भाषेचे. राज्यकारभार मराठीतून चालतो. तर संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाची भाषा मुख्यत्वे इंग्रजी आहे. परिणामी मराठी आदेश हे कच्चे कागद आणि इंग्रजी निवाडा हेच ज्ञान, अशी समजूत दृढ होते.

स्थानिक अभ्यास केवळ माहितीसंकलन ठरतो, त्यातून सिद्धान्त हाती लागत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. प्रश्नावली भरून टक्केवारी काढणे म्हणजे विधिसंशोधन नव्हे. परंतु आदेशात कारणे दिली आहेत काय, सुनावणी खरोखर झाली काय, हे तपासणे म्हणजे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचीच कसोटी पाहणे होय.

समारोप

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे असे दस्तऐवज मिळविण्याचा मार्ग खुला आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयास मोठे विधी ग्रंथालय उपलब्ध नसेल. पण प्रांत कार्यालय, तहसील आणि ग्रामपंचायत हाकेच्या अंतरावर आहेत. एका भूसंपादनाचा किंवा एका संमतीपत्राचा आरंभापासून अंतापर्यंतचा मागोवा विविध विद्याशाखांच्या अध्यापकांनी मिळून घेतल्यास सार्वजनिक विधी हा केवळ न्यायालयाचा विषय राहणार नाही. ज्याच्या जमिनीवर वा नदीवर शासनाचा निर्णय येऊन पोहोचतो, त्या नागरिकाचाही तो विषय होईल.