ग्रंथ कानाला देताना

सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणाऱ्यांना व्यासपीठचालकाचा आवाज चांगला परिचयाचा असतो. तो गोड असतोच असे नाही. पण शंभर वाचक त्याच्यामागून एका चालीत जातात, कोणाची ओवी मागे राहत नाही, आणि अध्याय संपल्यावर मंडळी बोलतात ती अध्यायाविषयी. आवाजाविषयी कोणी बोलत नाही.

आता तेच वाचन मोबाईलवर आले आहे. ज्यांची दृष्टी अधू झाली, ज्यांच्याने दोन तास मांडी घालून बसवत नाही, अशा कित्येक वृद्ध वारकऱ्यांचे पारायण आज कानावरच चालते. त्यांच्यासाठी वाचणारा पुष्कळदा रंगभूमीवरून आलेला असतो. यात गैर काही नाही. दमसास, स्वच्छ उच्चार, वाक्याचा रोख ओळखणे हे नाटकाच्या तालमीत जसे घोटले जाते तसे दुसरीकडे क्वचितच. अशी काही ध्वनिमुद्रणे गेल्या वर्षभरात लक्ष देऊन ऐकली. त्यांची चिकित्सा करावीशी वाटते ती एवढ्यासाठी, की डोळे गेलेल्या श्रोत्याला पोथी उघडून ताळा पाहता येत नाही. त्याच्या कानावर जी पडेल तीच त्याची ज्ञानेश्वरी.

नटाचे सारे शिक्षण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याचे. मायक्रोफोन असतो वीतभर अंतरावर, म्हणजे श्रोता जणू तोंडाला कान लावूनच बसलेला. ‘फ’ आणि ‘भ’चा फुत्कार तेथे आदळतो, कपड्याची सळसळ ऐकू येते, पंखा बंद ठेवावा लागतो. आज जेथे थांबलो तेथून उद्या त्याच पट्टीत आवाज उचलावा लागतो, नाहीतर एका अध्यायात दोन माणसे वाचत असल्याचा भास होतो. ही मेहनत बहुतेकांनी केली आहे, ती मान्य. अडचण पुढे आहे. रंगमंचावर भाव दाखवायला डोळे असतात, हात असतात, नुसते उभे राहणेही असते. ते सगळे काढून घेतले की नट त्या सर्वांचे काम गळ्याकडून करून घेऊ लागतो. मग पहिल्या अध्यायात अर्जुनाचा विषाद हुंदक्यांनी भिजतो आणि अकराव्यात पहिल्या ओवीपासून गर्जना सुरू होते. वास्तविक त्या अध्यायाच्या आरंभी माउलींनी रसांची व्यवस्था स्वतःच सांगून ठेवली आहे: घर शांतरसाचे, अद्भुत तेथे पाहुणा. आपल्या नटाने पाहुण्याच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या.

पण खरी हानी ओवीची होते, आणि ती सहज लक्षात येत नाही. ज्ञानेश्वरीतल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि सुटा. संवादफेकीच्या सवयीने वाक्य सलग ओढले की यमक बुडते. दर यमकावर टेकत गेले की पाळणा हलू लागतो आणि श्रोत्याला झोप लागते. शिवाय माउली एक गोष्ट समजवायला चार-चार दृष्टांत देतात, आणि ज्यासाठी ते दिले तो सिद्धांत नंतरच्या ओवीत येतो. नट प्रत्येक दृष्टांत सुटा घेतो, सुंदर रंगवतो आणि शेवटी आवाज खाली आणून ठेवतो. ऐकणाऱ्याला वाटते, विषय संपला. सिद्धांत येईपर्यंत कान उठून गेलेला असतो. व्यासपीठचालक हे करीत नाही. दृष्टांत संपेपर्यंत तो सूर अधांतरी ठेवतो. हे त्याला कोणी नाट्यशाळेत शिकवलेले नाही.

दुसरी गोष्ट वेगवेगळ्या आवाजांची. भगवंतांचा आवाज खर्जात आणि मागे घुमारा, अर्जुन कापऱ्या स्वरात, धृतराष्ट्र खोकत. (मागे वाजणाऱ्या बासरीबद्दल काही म्हणत नाही, ती बिचारी निर्दोष आहे.) कथाकादंबरीत हे शोभते, कधी आवश्यकही असते. पण ज्ञानेश्वरीत संजय धृतराष्ट्राला सांगतो, भगवंत अर्जुनाला सांगतात, आणि हे सर्व ज्ञानोबाराय निवृत्तिनाथांपुढे, संतश्रोत्यांपुढे सांगतात. शके 1212 मध्ये नेवाशात हा ग्रंथ बोलला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. म्हणजे या ग्रंथात आवाज मुळात एकच आहे, आणि इतर सारे त्याच्या पोटात आहेत. पात्रांना निरनिराळे गळे वाटून दिल्यावर माउलींच्या वाट्याला कोणता उरला? ऐकलेल्या मुद्रणांत तो बहुधा आकाशवाणीच्या निवेदकाचा होता.

पुस्तके आवाजात भरण्याचा उद्योग मुळी अंधांसाठीच उभा राहिला, ही गोष्ट येथे आठवावी. अमेरिकेत 1934 साली अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तके तबकड्यांवर निघू लागली. त्या कामात अलेक्झांडर स्कॉर्बी हा नट होता. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर शेक्सपिअरच्या नाटकांत कामे केलेला. त्याने अंधांसाठी चारशेहून अधिक पुस्तके वाचली, आणि 1940च्या दशकात संपूर्ण बायबल. ते वाचन आजही ऐकायला मिळते. आवाज भरदार आहे, नट असल्याचे प्रत्येक शब्दाच्या कडेवरून कळते. पण संदेष्ट्याला एक गळा आणि राजाला दुसरा, असे तो करीत नाही. वंशावळींची लांबच लांब नामावळी जितक्या आदराने वाचतो तितक्याच आदराने युद्धप्रसंग. धर्म वेगळा, भाषा वेगळी, तरी ग्रंथापुढे कसे बसावे हे त्या नटाला कळले होते असे ऐकताना वाटते.

बंद खोलीत श्रोता नसतो, दाद येत नाही, म्हणून आवाज आपोआप चढतो, असे नटमंडळींकडून ऐकू येते. ही अडचण खरी आहे. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी असतात, पुढे मंडळी असतात; येथे काच आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. मात्र ज्ञानेश्वरीपुरते पाहिले तर श्रोते ग्रंथातच बसलेले आहेत. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली त्यांच्याकडे अवधान मागतात, पुढे लडिवाळपणे सलगीही करतात. या ओव्या बहुतेक मुद्रणांत प्रस्तावनेसारख्या उरकलेल्या आढळल्या. नटाला ज्या प्रेक्षकाची उणीव भासते तो तेथेच हाताशी होता.

ज्या संस्था, जी मंडळे असे मुद्रण करू इच्छितात त्यांनी वाचणाऱ्याची परीक्षा अकराव्या अध्यायावर घेऊ नये. तेराव्यावर घ्यावी. तेथे ज्ञानाची लक्षणे आहेत, पहिलेच अमानित्व. पुढे अहिंसेच्या विवरणात अशा पुरुषाचे चालणे, पाहणे, बोलणे कसे असते ते ओव्यामागून ओव्या सांगितले आहे. ना युद्ध, ना विश्वरूप, ना रडणे. आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाच्या शेजारी पारायणात कान तयार झालेली एखादी म्हातारी बसवावी. तिने हात वर केला की तेवढी ओवी पुन्हा घ्यावी.