प्रयोगानंतरचे जेवण

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी १९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले. ह्या नाट्यगृहाची आठवण काढली की जुन्या ठाणेकर रसिकांना दोन गोष्टी हटकून आठवतात : पाहिलेली नाटके आणि मध्यंतरात खाल्लेला बटाटेवडा. अनेकांच्या बाबतीत वड्याची आठवण अधिक ताजी निघते, आणि त्याबद्दल आम्ही कुणाला नावे ठेवणार नाही. नाटक पाहणे हा आपल्याकडे पूर्वीपासूनच खाण्यापिण्याशी जोडलेला सोहळा आहे. मात्र इतकी वर्षे ह्या रांगेत उभे राहून, हातात कागदी बशी घेऊन पहिल्या अंकाची चिरफाड करताना एक साधा प्रश्न आमच्या मनात कधी आला नाही. पडद्यामागे जो नट घाम पुसत बसला आहे, तो केव्हा जेवणार? कुठे? आणि काय?

अमेरिकेत भोजन-नाट्यगृहे नावाचा एक प्रकार आहे. प्रेक्षक टेबलाशी बसून जेवतात आणि मग त्याच दालनात नाटक पाहतात. अशा लहान गावांतल्या कित्येक नाट्यगृहांत वाढपी आणि नट एकच असतो. आधी सूप वाढायचे, ताटे उचलायची, मग आत धावत जाऊन रंग लावायचा. मिळकतीचा मोठा भाग बक्षिशीतून यायचा. हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला हसू आले होते. आता येत नाही. त्या नटाला निदान स्वयंपाकघर जवळ असते.

मराठी नटाची कथा एके काळी निराळी होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, त्यानंतरच्या शतकभरात आपल्या रंगभूमीचे जे रूप घडले, ते कंपनीचे. कंपनी म्हणजे केवळ नाटक करणारी संस्था नव्हे. ते एक फिरते बिऱ्हाड होते. गणपतराव बोडस यांची 'माझी भूमिका' किंवा चिंतामणराव कोल्हटकर यांचे 'बहुरूपी' ही आत्मचरित्रे रसिकांनी नाट्येतिहास म्हणून वाचली. आम्ही ती अलीकडे पुन्हा वाचली ती नोकरीच्या अटी शोधत. गावोगावचे मुक्काम, तालमी, पगार, रुसवेफुगवे आणि भांडणे ह्यांनी ते जग भरलेले आहे. कंपनीत मुदपाकखाना होता, आचारी होता, मालकापासून पडदे ओढणाऱ्यापर्यंत सर्वांची पंगत बसे. ज्यांच्या नावाने ठाण्याचे नाट्यगृह ओळखले जाते ते राम गणेश गडकरीही आरंभी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या आश्रयाला आले ते कंपनीतल्या मुलांना शिकविण्याच्या कामावर. म्हणजे कंपनीत शिकवणीचीही सोय होती.

ह्या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचा आमचा इरादा नाही. ती मुले लहान वयात घर सोडून आलेली असत, आणि त्यांचा आवाज फुटला की त्यांचे काय होई, ह्याची चौकशी फारशी कुणी केली नाही. मालकाचा शब्द हाच कायदा होता. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि बोडस ह्यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा नटच मालक झाले. पण नटांच्या मालकीनेही तो वैभवशाली डोलारा कर्जातून वाचला नाही. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर बोलू लागला आणि पुढच्या काही वर्षांत एकेक मंडळी मोडत गेली. मुदपाकखाने विझले, आणि नट मोकळा झाला. कंपनीच्या जाचातून सुटला आणि कंपनीच्या पंगतीतूनही उठला.

पुढे जी पद्धत आली तिला व्यवसायात एकच शब्द आहे : 'नाइट'. नटाला पगार नाही, नाइट आहे. प्रयोग झाला तर पैसे. तिकीटविक्री पाहून निर्मात्याने प्रयोग रद्द केला, तर नटाने त्या तारखेसाठी नाकारलेले दुसरे काम त्याचे त्याने गिळावे. तालमींचा महिना-दीड महिना बहुधा नाइटच्या हिशेबात येतच नाही. नाव झालेल्या नटाची नाइट आणि त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या दुय्यम नटाची नाइट ह्यांत केवढे अंतर असते, हे सांगायला नको. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण ह्यांची नाइट नसते. निर्मात्याची बाजूही आम्ही जाणतो. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, बस, टेम्पो, नेपथ्य हे सारे भागवून त्याच्या हाती कित्येकदा नटापेक्षा कमी उरते. तेव्हा हा एका खलपुरुषाने केलेला अन्याय नाही. तसा असता, तर समीक्षकाचे काम फार सोपे झाले असते.

आता ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ह्या पट्ट्याकडे पाहावे. मुंबईतला मराठी मध्यमवर्ग परवडणाऱ्या घराच्या शोधात जसजसा रुळांच्या कडेने पुढे सरकला, तसा मराठी नाटकाचा प्रेक्षकही सरकला. आज ठाण्यात गडकरी आणि डॉ. काशिनाथ घाणेकर, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीत सावित्रीबाई फुले ही नाट्यगृहे सोडून व्यावसायिक नाटकाचा हिशेब जुळणे कठीण. ही सारी नाट्यगृहे महापालिकांची आहेत. रविवारी दुपारी ठाणे आणि रात्री डोंबिवली, असे एका नाटकाचे दोन प्रयोग लागतात. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ह्या दोन ओळी एकीखाली एक छापलेल्या असतात. त्या दोन ओळींच्या मध्ये शिळफाटा आहे, हे मात्र जाहिरातीत छापत नाहीत.

दुपारचा प्रयोग संपतो. रंगमंच कामगार नेपथ्य उतरवून टेम्पोत भरतात. त्यांना आधी पोचायचे असते, कारण रात्रीच्या प्रयोगाचा पडदा त्यांच्या हातांवर अवलंबून असतो. नट चाहत्यांना छायाचित्रे देऊन बसमध्ये चढतात. बस वाहतुकीत अडकते. कुणी डबा उघडतो, कुणी उपाशीच डोळे मिटून घेतो, कारण भरल्या पोटी दुसऱ्या प्रयोगात आवाज लागत नाही. जेवण होते ते प्रयोगानंतर, मध्यरात्री. शिवाय ह्यांतले पुष्कळ जण आठवड्याचे इतर दिवस घोडबंदर रस्त्याच्या आसपास मालिकांच्या चित्रीकरणात असतात, जिथे बारा-बारा तासांचा दिवस ही नवलाची गोष्ट नाही. नाटकाच्या नाइटवर घर चालत नाही म्हणून मालिका, आणि मालिकेने दमलेले शरीर घेऊन नाटक. नाटक कशासाठी, असे विचारले तर नट बहुधा लाजून 'आनंदासाठी' असे म्हणतो. त्याच्या ह्या उत्तरावर आपली सारी रंगभूमी उधारीत चालली आहे.

येथे आम्हांला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी ह्याच पट्ट्यातील एका नाट्यगृहात आम्ही एक कौटुंबिक नाटक पाहिले. पहिला अंक बांधीव होता. दुसऱ्या अंकात नायिकेचा आवाज बसला, वाक्यांच्या अखेरी गिळल्या जाऊ लागल्या, आणि ज्या प्रवेशावर सारे नाटक तोलले होते तो प्रवेश तिने अक्षरशः उरकला. आम्ही परीक्षणात लिहिले की, उत्तरार्धात अभिनेत्रीची भूमिकेवरील पकड सुटते, तिला ह्या स्त्रीचे दुःख उमगलेले दिसत नाही. वाक्य आम्हांला आवडलेही होते.

पुढे कधीतरी त्या नाटकाच्या पडद्यामागे काम करणारे एक वयस्कर गृहस्थ एका परिचितांच्या घरी भेटले. त्यांनी आमचे परीक्षण वाचले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त त्या दिवसाचा क्रम सांगितला. तो तिचा त्या दिवसाचा दुसरा प्रयोग होता. वातानुकूलन यंत्रणा मध्यंतरापासून बंद पडली होती. नऊवारी, अंबाडा आणि दागिने तिने दुपारपासून अंगावरून उतरवले नव्हते, कारण स्त्रियांच्या रंगपटातल्या स्वच्छतागृहात पाणी नव्हते आणि म्हणून तिने दिवसभर पाणी पिणेच टाळले होते. "दुःख उमगलं होतं हो," एवढेच ते म्हणाले, "घसा उमगला नव्हता."

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मागे लागला आहे. समीक्षेने अशा वेळी सवलत द्यावी काय? आमचे उत्तर, पुष्कळ विचारान्ती, नाही असेच आहे. प्रेक्षकाने पूर्ण तिकीट काढलेले असते आणि त्याच्या वाट्याला कोसळलेला प्रवेश आला, ही वस्तुस्थिती आहे. ती लपविणे म्हणजे त्याची फसवणूक. आमची चूक निकालात नव्हती, निदानात होती. जो दोष इमारतीचा, वेळापत्रकाचा आणि व्यवहाराचा होता, तो आम्ही एका स्त्रीच्या प्रतिभेच्या खाती मांडला. पुस्तकाच्या परीक्षणात मुद्रणदोष लेखकाच्या माथी मारणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. नाट्यपरीक्षणात हे सर्रास चालते.

आणि ह्या गोष्टी गुप्त आहेत असेही नाही. २०१९ च्या एप्रिलात सांगलीत 'अलबत्या गलबत्या'च्या प्रयोगात वैभव मांगले उकाड्याने रंगमंचावर कोसळले; बातमी सर्वत्र आली. २०२३ साली रत्नागिरीत भरत जाधव ह्यांनी प्रयोगानंतर प्रेक्षकांची क्षमा मागून सांगितले की, असल्या गैरसोयीत आपण येथे पुन्हा प्रयोग करणार नाही. प्रत्येक वेळी चार दिवस हळहळ होते, अधिकारी पाहणी करतात, आणि चर्चा यंत्राच्या दुरुस्तीवर येऊन थांबते. प्रेक्षागृह गार झाले की प्रश्न सुटला, असे आपण मानतो. रंगपट प्रेक्षकाला दिसत नाही.

नाट्यगृहांना आपण ज्यांची नावे दिली, त्यांच्याकडे तरी पाहावे. डॉ. काशिनाथ घाणेकर हे शिक्षणाने दंतवैद्य. सुखाचा दवाखाना सोडून ते रंगभूमीवर आले, गर्दीचे दैवत झाले, आणि १९८६ साली नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावतीत वारले. दौऱ्यावर मेलेल्या नटाचे नाव आपण ठाण्यातल्या इमारतीवर लिहिले. दौऱ्याची रीत मात्र तशीच राहिली.

आमच्या ख्रिस्ती वाचकांना येथे मोलिएरची आठवण व्हावी. १६७३ च्या फेब्रुवारीत, स्वतः लिहिलेल्या नाटकात आजाराच्या भ्रमाने पछाडलेल्या माणसाची भूमिका करताना हा खरोखरीच आजारी नट रंगमंचावर कासावीस झाला आणि त्याच रात्री वारला. त्याचा चरित्रकार सांगतो की, त्या दिवशी प्रयोग रद्द करावा असे जवळच्यांनी विनविले, तेव्हा त्याने पन्नास कामगारांच्या रोजीचा प्रश्न पुढे केला : आपण उभे राहिलो नाही तर त्यांनी खायचे काय? नट म्हणून त्याला ख्रिस्ती दफन नाकारले गेले. राजाने शब्द टाकला तेव्हा कुठे रात्रीच्या अंधारात तो विधी झाला. नटाच्या व्यवसायाला पाप मानणारी ती दृष्टी आपण मागे टाकली आहे. त्याच्या व्यवसायाला व्यवसाय मानणारी दृष्टी मात्र अजून यावयाची आहे.

कायद्याची स्थितीही ह्याला साजेशीच. चित्रपटांतील कलाकार-कामगारांसाठी १९८१ साली केंद्राने कायदा केला. त्यात लेखी कराराची अट होती. २०२० च्या कामगार संहितेत मालिका, जाहिराती आणि डिजिटल निर्मिती ह्यांतील कलाकारांचा समावेश झाला. रंगमंचावरचा नट ह्या व्याख्येत नाही. म्हणजे तोच नट, सकाळी घोडबंदरच्या चित्रीकरणस्थळी असताना कायद्याला दिसतो आणि रात्री अत्रे रंगमंदिरात दिसेनासा होतो. अमेरिकेतल्या नटांनी आपली संघटना स्थापली ती १९१३ साली, ज्या साली आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी संप करून बिनपगारी तालमींचा प्रश्न ऐरणीवर आणला. भोजन-नाट्यगृहांसाठीही त्या संघटनेने पुढे स्वतंत्र करार केला. आपल्याकडे १९०५ पासून नाट्य परिषद आहे, तिची संमेलने होतात, ठराव होतात. तिच्याविषयी आम्हांला आदरच आहे; पण संमेलनातला ठराव आणि नाइटचा लेखी करार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी नाटकाने स्वतः नटाच्या ह्या जिण्याकडे कसे पाहिले? १९७० साली आलेल्या 'नटसम्राट'चा दाखला कुणीही देईल. शिरवाडकरांच्या ह्या नाटकाच्या थोरवीबद्दल आमच्या मनात शंका नाही. तरीही एक गोष्ट पुनःपुन्हा खटकते. अप्पासाहेब बेलवलकरांची शोकांतिका सुरू होते ती त्यांनी आपली मिळकत मुलांना वाटून टाकल्यामुळे. वाटण्याजोगे काही त्यांच्यापाशी होते! लिअरला राज्य होते म्हणून बेलवलकरांना घरदार-पैसा द्यावा लागला. पण मराठी रंगभूमीच्या खऱ्या सम्राटाचे, बालगंधर्वांचे, उतारवय विपन्नावस्थेत गेले, आणि त्याला कुठली कृतघ्न मुलगी कारण नव्हती. अर्धे शतक आपण बेलवलकरांसाठी रडलो ते मुलांच्या कृतघ्नतेवर. व्यवसायाच्या कृतघ्नतेवरचे नाटक अजून कुणी लिहिलेले नाही, आणि ते लिहिले गेले तर त्याच्याही तालमी बिनपगारीच होतील.

२०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहे बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ पर्यंत, मधले काही महिने सोडता, बंदच राहिली. तेव्हा रंगमंच कामगारांना धान्याच्या पिशव्या द्याव्या लागल्या. देणाऱ्यांत नटही होते. नाइट नाही म्हणजे चूल नाही, हे त्या दीड वर्षात सर्वांना कळले. पडदा उघडल्यावर जुने दर, जुन्या तारखा आणि जुनी बस पुन्हा सुरू झाली.

आम्ही आमच्यापुरता एक बदल केला आहे. ह्यापुढे परीक्षण लिहिताना प्रयोग कोणत्या नाट्यगृहात, किती वाजता आणि त्या दिवशीचा कितवा होता, हे आरंभी नमूद करू. जमेल तेव्हा रंगपटात डोकावून येऊ. पाण्याचा नळ चालतो की नाही हे पाहायला नाट्यशास्त्राचे अध्ययन लागत नाही. काही निर्मात्यांना हे रुचणार नाही. एका मित्रवर्यांनी तर, समीक्षक आता स्वच्छता निरीक्षक झाले, असा टोमणाही मारला. मारोत.

गेल्या महिन्यात डोंबिवलीचा रात्रीचा प्रयोग संपवून आम्ही बाहेर आलो, तेव्हा प्रेक्षक रिक्षांच्या मागे धावत होते. मागच्या दाराशी दोघे कामगार दिवाणखान्याची भिंत टेम्पोत चढवीत होते. तिच्यावरची खिडकी अजून उघडीच होती. ज्या नटाने आत्ताच तिसऱ्या अंकात भरल्या ताटावरून उठून जाण्याचा प्रवेश केला होता, तो पायरीवर बसून डब्यातली गार पोळी खात होता. आम्ही त्याला प्रयोग चांगला झाल्याचे सांगितले. त्याने तोंडातला घास संपवला, हात जोडले आणि वेळ विचारली. शेवटची गाडी निघायला अकरा मिनिटे उरली होती.