शाळा नको, पण वेळ?

इव्हान इलिच यांनी ‘डीस्कूलिंग सोसायटी’ (१९७१) या पुस्तकात शाळेऐवजी शिक्षणाची जाळी सुचवली : साधने, कसब शिकवणारे, सोबती आणि मार्गदर्शक. पेणच्या गणपती कारखान्यांत ही कल्पना पटते. शाडू वाळताना तडकतो का, प्लास्टर घट्ट होताना तापते का, हे प्रश्न तिथे हाताशीच असतात. पण पेण-रोह्यातली कातकरी मुले आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, तेव्हा तीही शाळेबाहेरच असतात. मातीही तिथे भरपूर. नसतो तो मोकळा वेळ. इलिच गरिबांचा कैवार घेतात, परंतु हा वेळ कोण देणार, याचे उत्तर त्यांच्याकडे अपुरे आहे. घरी शिकणाऱ्या मुलांना तो पालक देतात. भट्टीवरच्या मुलाला शाळाच देऊ शकते. म्हणून इलिच जरूर वाचावेत, आणि त्यांची जाळी शाळेतच विणावीत.