शिफारस : कादंबरीवाचनाचे एक दुर्लक्षित अंग

एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला ‘ही कादंबरी अवश्य वाचा’ असे सांगणे, या कृतीचा मराठी समीक्षेने फारसा गांभीर्याने विचार केलेला नाही. आस्वाद, विश्लेषण, मूल्यमापन या समीक्षेच्या मान्य पायऱ्या. शिफारस मात्र गप्पांच्या प्रांतातच राहिली. वस्तुतः कादंबरीच्या बाबतीत तिचे मोल वेगळे आहे. कविता जागच्या जागी ऐकवता येते, कथा एका बैठकीत वाचून दाखवता येते. चार-पाचशे पृष्ठांची कादंबरी मात्र सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबूनच हाती घ्यावी लागते. शिफारस करणारा दुसऱ्याच्या आयुष्यातील आठ-दहा दिवस मागत असतो, आणि ते वाया गेले तर त्याची पत जाते. समीक्षकाला असा धोका क्वचितच पत्करावा लागतो.

बेंगळुरूच्या वाचनसंस्कृतीत या पतीचे एक ठळक उदाहरण आढळते. टी. एस. शानभाग यांचे ‘प्रीमियर बुकशॉप’ १९७१ ते २००९ या काळात तेथे चालले. मुंबईच्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’चे टी. एन. शानभाग हे त्यांचे आप्त. चिंचोळ्या जागेत पुस्तकांचे उंचच उंच ढीग, त्यांतून वाट काढणारे ग्राहक आणि कोणते पुस्तक कोणत्या ढिगात आहे हे अचूक ठाऊक असलेला मितभाषी मालक, असे या दुकानाचे रूप होते. तेथील मांडणी ग्रंथालयशास्त्राच्या कोणत्याही नियमात बसणारी नव्हती. परंतु नेहमीच्या ग्राहकाची आवड शानभागांच्या ध्यानात असे आणि त्या आवडीला जुळणारे पुस्तक ते पुढे करीत. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना एका जाणत्या वाचनसोबत्याला मुकल्याचे दुःख झाले. ‘हे पुस्तक चांगले आहे’ आणि ‘हे पुस्तक तुमच्यासाठी आहे’ या दोन विधानांतील अंतर अशा माणसांमुळे कळते. पहिले विधान समीक्षेचे. दुसऱ्यात पुस्तकाइतकाच वाचकही वाचलेला असतो.

किती सांगावे आणि कोठे थांबावे, हा शिफारशीतील अवघड भाग होय. विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही बेंगळुरूतील एका कुटुंबाची छोटी कन्नड कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मसाल्याच्या व्यवसायातून अकस्मात संपन्न झालेले घर, त्या घरातील मुंग्या आणि कॉफी हाउसमध्ये बसून हे सारे सांगणारा निवेदक. एवढे सांगितले तरी पुरे. शीर्षकातील शब्द कोणत्याही कोशात नाही. एका घरातील भावंडांनी गुंत्यासाठी घडवलेला तो शब्द आहे. त्याचा अर्थ आणि शेवटाची अस्वस्थता आधीच उलगडून सांगणारा माणूस कादंबरी सुचवीत नाही, ती संपवून टाकतो. आपल्याकडील पुष्कळशी ग्रंथपरीक्षणे नेमके हेच करतात.

एका शहरातील वाचकांमध्ये जे घडते तेच दोन भाषांमध्ये घडू लागले, की शिफारशीला अनुवादाचे रूप येते. मराठी आणि कन्नड यांच्यापुरते तर हे विशेष खरे आहे. हिंदी-बंगालीत ‘उपन्यास’ आणि गुजरातीत ‘नवलकथा’ म्हणून ओळखला जाणारा वाङ्मयप्रकार या दोन्ही भाषांत बाणभट्टाच्या कृतीच्या नावाने, ‘कादंबरी’ म्हणूनच, रूढ आहे. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये नेणारे गळगनाथ (१८६९–१९४२) हे या व्यवहाराचे आद्य पुरुष म्हणता येतील. पेशाने शिक्षक असलेल्या या लेखकाने ‘सद्बोध चंद्रिके’ हे मासिक चालवले आणि आपल्या पुस्तकांचे ओझे स्वतः वाहून ती गावोगावी विकली. आवडलेली कादंबरी आधी आपल्या भाषेत आणायची आणि मग ती घेऊन वाचकाच्या दारात उभे राहायचे, याहून संपूर्ण शिफारस कोणती असेल? आपट्यांची ‘वज्राघात’ विजयनगरच्या पाडावाची कथा सांगते. गळगनाथांनी ती कन्नडमध्ये आणताना शीर्षकच बदलले : ‘कन्नडिगर कर्मकथे’, म्हणजे कन्नडिगांची कर्मकथा. पुण्याच्या लेखकाला जो इतिहासाचा विषय होता, तो कन्नड वाचकाला स्वतःच्या घरचा वृत्तान्त झाला. आजच्या काटेकोर अनुवादविचाराला हे स्वातंत्र्य खटकेल. परंतु कोणाला सांगायचे आहे हे ठरले, की काय सांगायचे तेही बदलते, हे गळगनाथांना पुरते उमगले होते.

पुढे प्रवाह उलट दिशेने वाहू लागला. एस. एल. भैरप्पा आणि शिवराम कारंत हे मराठी वाचकाला जवळजवळ मराठी लेखकच वाटावेत इतके आपले झाले, ते प्रामुख्याने उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे. त्यांच्या ‘वंशवृक्ष’ला १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. या अनुवादांची घडण लक्षणीय आहे. पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड मजकूर मोठ्याने वाचून ध्वनिफितीवर घ्यावा आणि उमा कुलकर्णी यांनी तो ऐकत मराठीत उतरवावा, अशी त्यांची रीत होती. लिपीचा अडसर कानाने ओलांडला गेला. म्हणजे मराठी वाचकापर्यंत ‘पर्व’ पोचण्यापूर्वी एका घरात एका वाचकाने दुसऱ्याला ते वाचून दाखवले होते. या अनुवादांच्या वाक्यरचनेत जो बोलका सहजपणा जाणवतो, त्याचे मूळ या श्रवणात असावे.

तथापि या यशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दोन भाषांमधले दार उघडणारे हात थोडे असले, की त्या हातांची अभिरुची हीच पलीकडच्या साहित्याची प्रतिमा होऊन बसते. सामान्य मराठी वाचकाला कन्नड कादंबरी म्हटले की आधी भैरप्पा आठवतात. नव्य साहित्याच्या चळवळीने त्या भाषेत कादंबरीचा जो घाट बदलला, त्याची जाण आपल्याकडे अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी आढळत नाही. हा दोष अनुवादकांचा नव्हे. त्यांनी आपल्या आवडीशी प्रामाणिक राहून, अपार कष्टाने काम केले. उणीव आहे ती दुसऱ्या, तिसऱ्या, परस्परांशी न पटणाऱ्या शिफारसकर्त्यांची. एकाच जाणकाराचा शब्द वर्षानुवर्षे चालत राहिला तर ऐकणाऱ्याला आपली आवड कोठे वेगळी आहे हेही कळेनासे होते.

यशवंत चित्ताल यांची ‘शिकारी’ (१९७९) याच संदर्भात आठवते. चित्ताल उत्तर कन्नडचे. त्यांचे वास्तव्य आणि नोकरी मुंबईत. रसायन कंपनीतील अधिकारी नागप्पा, त्याच्यावर आलेले निलंबन आणि त्याच्याभोवती आवळत जाणारे संशयाचे जाळे, हे सारे या महानगरात घडते. मुंबईतील कार्यालयीन जगाची क्रूरता इतक्या आतून टिपणारी कादंबरी मराठीतही सहज सापडणार नाही. आपट्यांनी कन्नड भूमीची कथा मराठीत लिहिली, तेव्हा ती घरी पोचवायला गळगनाथ भेटले. बेंगळुरूत आज कित्येक मराठी घरांतील मुले शाळेत कन्नड शिकतात. आईवडिलांना जी लिपी अनोळखी राहिली, ती या मुलांना सहज वाचता येते. नागप्पाची मुंबई त्यांच्यापैकी कोणी दादरच्या एखाद्या वाचकाला सुचवली, तर त्या वाचकाला आपल्याच रस्त्यांची नावे कन्नडमधून परत ऐकू येतील.