नकाराची सोय : ‘शारदा’, ‘त्राटिका’, ‘मानापमान’

गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. दोन गावांमधले अंतर तासाभराच्या पायपिटीचे. देवलांचे ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले, खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये. दोन्ही किर्लोस्कर मंडळीनेच केली. समीक्षेने मात्र त्यांना वेगवेगळ्या पंक्तीला बसवले. ‘शारदा’ म्हणजे सामाजिक नाटक, जरठ-बाला विवाहावरचा घाव. ‘मानापमान’ म्हणजे कुठल्याशा कल्पित राज्यातली गोड गाण्यांची प्रेमकथा. मुलीच्या नकाराचे काय होते, एवढीच कसोटी लावून पाहिली तर ही विभागणी तितकीशी टिकत नाही.

‘शारदे’तले लग्न ठरते ते आपल्या ओळखीच्या पद्धतीने. कांचनभटाला पैसा हवा आहे, भुजंगनाथाला उतारवयात बायको हवी आहे आणि भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थीला तयार आहे. आईचा विरोध कोणी मोजत नाही. शारदेचे दुःख प्रेक्षकांना ऐकू येते, पण मांडवात त्याला किंमत नाही. लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. मुलगी वाचते, पण ती नको म्हणाली म्हणून नव्हे. त्याच शास्त्रातले दुसरे कलम आडवे आले म्हणून. हा देवलांचा दोष आहे असे मला वाटत नाही. त्यांच्या भोवतालच्या समाजात मुलीच्या नकाराला रूढीने जागाच ठेवलेली नव्हती आणि जे नव्हते ते त्यांनी दाखवले नाही. वास्तववादाची ही किंमत त्यांनी प्रामाणिकपणे मोजली.

प्रियाराधन हा प्रकारच त्या समाजाच्या चालीरीतींत नव्हता. तो रंगभूमीला बाहेरून आणावा लागला. साताऱ्याचे नाव मिरवणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीने शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेचे वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी केलेले रूपांतर ‘त्राटिका’ गाजवले. गणपतराव जोशी त्यात प्रतापराव होत आणि त्राटिका बाळाभाऊ जोग. दोन पुरुष नटांमधली ती जुगलबंदी लोकांना फार आवडे. इथे मुलीला तोंड आहे आणि तिखट आहे. पण नाटकाचा सगळा आनंद ते तोंड बंद करण्यात आहे! सासरी आलेल्या सुनेचा ताठा उतरवण्याची आपल्याकडची हौस त्या परदेशी कथेला आयतीच मिळाली असणार.

अशा वेळी खाडिलकरांचे कल्पित राज्य कामाला येते. तिथे माणसांची नावेच गुणांवरून पडलेली: धैर्यधर, लक्ष्मीधर. कथा पत्रिकेपाशी अडत नाही, गोत्रापाशीही नाही. अडते ती पैशापाशी. श्रीमंतीच्या तोऱ्यात वाढलेली भामिनी निर्धन सेनापतीला नाकारते, आणि तिचा नकार हाच कथेचा पाया होतो. पुढे तिचे मत बदलते, पण ते तिचे तीच बदलते. वनमालेचा साधा वेश घेऊन, धैर्यधराला जवळून पाहून. लग्नाआधी पुरुषाला पारखून घेण्याची मुभा या नायिकेला आहे. १९११ च्या सांगलीत ज्या घरांतून मुलींची लग्ने न्हाण येण्याआधी उरकली जात, त्या घरांतल्या बायकांनी हे पाहिले तेव्हा त्यांना नुसती पदेच ऐकू आली असतील का? भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. म्हणजे निवड करणारी ही तरुणीही पुरुषाच्याच देहातून उभी राहिली, हेही विसरू नये.

खाडिलकरांना मोकळे सोडायचे मात्र कारण नाही. वनमालेची गरिबी हा वेश आहे, हवा तेव्हा उतरवता येणारा. भामिनीचा पहिला नकार चुकीचा ठरावा अशीच कथेची रचना आहे; श्रीमंत लक्ष्मीधर भित्रा निघतो, त्यामुळे निवडीत धोका उरत नाही. तिचा नकार बरोबर ठरला असता असे नाटक त्यांनी लिहिले नाही. तरीही नकार ऐकला जातो आणि त्याला कारण विचारले जाते, ही रीत त्यांच्या राज्यात आहे. देवलांच्या गावात ती नाही.

आमच्याकडे स्थळाला नको म्हणायचे असले की अजून निरोप जातो तो ‘पत्रिका जुळत नाही’ असाच. मुलीला मुलगा आवडला नाही, असे फोनवर सांगणारा बाप क्वचितच भेटतो. समोरचाही समजतो, पत्रिका परत मागवतो आणि दोन्ही घरांची अब्रू राहते. देवलांनी शारदेसाठी वापरलेली तीच ती पळवाट, फक्त गोत्राच्या जागी गुण आले आहेत.