श्रद्धा, सकारात्मक विचार आणि आपली कुवत : नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या पुस्तकाची चिकित्सा



आज आपण ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत, ते तुमच्यापैकी अनेकांनी वाचलेलं नसेल. पण त्यातलं म्हणणं तुम्ही शंभर वेळा तरी ऐकलेलं आहे. स्वतःवर विश्वास ठेवा, यशाचं चित्र मनात रंगवा, नकारात्मक विचार आला की हाकलून द्या, आणि मग जे हवं ते मिळतं. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांच्या भिंतींवर हे असतं, विक्री प्रतिनिधींच्या सकाळच्या मीटिंगमध्ये असतं, व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभात संदेशांत तर रोजच असतं. या विचाराला घराघरांत पोचवणाऱ्यांमध्ये एक नाव फार मोठं आहे. ते म्हणजे रेव्हरंड नॉर्मन व्हिन्सेंट पील, आणि त्यांचं पुस्तक ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’, प्रकाशन १९५२.

आधी माणूस समजून घेऊ. पील यांचा जन्म १८९८चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. १९३२ साली ते न्यूयॉर्कच्या मार्बल कॉलेजिएट चर्चचे धर्मोपदेशक झाले आणि पन्नासहून अधिक वर्षं तिथे राहिले. १९३२ म्हणजे महामंदीचा काळ. बँका बुडालेल्या, नोकऱ्या गेलेल्या. खचलेली माणसं चर्चमध्ये येत होती, आणि नुसत्या प्रवचनानं त्यांचं भागत नव्हतं. तेव्हा पील यांनी स्माइली ब्लँटन या मानसोपचारतज्ज्ञाला हाताशी धरून चर्चमध्येच समुपदेशनाचं काम सुरू केलं. एका धर्मगुरूनं मानसोपचारतज्ज्ञाच्या शेजारी खुर्ची टाकून बसणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. लहानपणी आपल्याला न्यूनगंडानं ग्रासलं होतं, असं ते स्वतः मोकळेपणानं सांगत. तेव्हा हा माणूस ढोंगी होता, असं म्हणून आपण सुटू शकत नाही.

विचार मात्र सगळा त्यांचा नव्हे. मन बदललं की शरीर आणि परिस्थितीही बदलते, असं मानणारा ‘न्यू थॉट’ नावाचा प्रवाह अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होता. विल्यम जेम्स यांनी १९०२च्या ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे, आणि त्याचे फायदे मान्य करूनही, जगातल्या दुःखाकडे पाठ फिरवणारी वृत्ती अपुरी आहे असं म्हटलं आहे. पन्नास वर्षांनी पील यांनी याच प्रवाहाला चर्चची भाषा दिली आणि रोज करता येतील असे नियम दिले. पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत १८६ आठवडे राहिलं. आज मराठी पुस्तकांच्या दुकानात यशाची जी वेगळी कपाटं दिसतात, त्यांतल्या कित्येक पुस्तकांचं मूळ इथे आहे.

आता पुस्तकात काय आहे? पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी दहा नियम आहेत. स्वतः यशस्वी झाल्याचं चित्र मनावर कोरा. नकारात्मक विचार आला तर लगेच त्याला छेद देणारा सकारात्मक विचार बोलून दाखवा. बायबलमधली ठरावीक वचनं दिवसातून दहादा म्हणा. प्रार्थना करा, चित्र पाहा, ते प्रत्यक्षात येईल, असं तीन पायऱ्यांचं सूत्र पुढे येतं. प्रत्येक मुद्द्याला एक गोष्ट जोडलेली आहे: कुणी एक व्यापारी, कुणी एक खेळाडू, कुणी एक बाई. बहुतेकांना नाव नाही, गाव नाही. त्यामुळे वाचताना बरं वाटतं, पण पडताळणी करता येत नाही. आणि नियम पाळूनही ज्याचं काही झालं नाही, अशा माणसाला पुस्तकात जवळजवळ जागाच नाही.

आमचा पहिला आक्षेप इथे आहे. विश्वास आणि स्वप्नरंजन या दोन गोष्टी पील एकत्र कालवतात. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच वेगळं करून पाहिलं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी आणि थॉमस वॅडन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या २५ स्त्रियांना दोन प्रकारचे प्रश्न विचारले. एक, तुम्हाला जमेल असं वाटतं का? दोन, पुढचा काळ डोळ्यांसमोर आणा, काय दिसतं? वर्षानंतर असं दिसलं, की ‘जमेल’ असं वाटणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा सुमारे १२ किलो जास्त उतरलं. पण ज्यांच्या कल्पनेत सगळं गुलाबी होतं, त्यांचं सुमारे ११ किलो कमी उतरलं. २५ ही संख्या लहानच. म्हणून त्यांनी पुढे नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांवरही काम केलं. नोकरीची गोड चित्रं जास्त रंगवणाऱ्यांनी दोन वर्षांत अर्जच कमी केले होते, त्यांना बोलावणी कमी आली आणि पगारही कमी मिळाला. ओटिंगेन यांचं स्पष्टीकरण साधं आहे. मनात आपण पोचलोच, तर पाय कशाला उचलायचे?

दुसरा आक्षेप वचनं घोकण्याबद्दल. जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य लोकांना मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना आणखी वाईट वाटलं. वाक्य म्हणताना आतून कुणीतरी ‘खोटं बोलतोस’ म्हणत असेल, तर दुसरं काय होणार? म्हणजे औषधाची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्यालाच ते बाधलं.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो नैतिक आहे. यश विचारांमुळे मिळत असेल, तर अपयश कशामुळे? उत्तर उघड आहे: तुझ्याच विचारांमुळे. बार्बरा एरनराइक या लेखिकेला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा तिला चहूबाजूंनी हसतमुख राहण्याचा उपदेश झाला. राग व्यक्त केला तर तिलाच समज देण्यात आली. ती स्वतः पेशीजीवशास्त्र शिकलेली होती. तिनं २००९ साली ‘ब्राइट-सायडेड’ हे पुस्तक लिहून विचारलं, की आजारी माणसाच्या डोक्यावर आजाराशिवाय हे दुसरं ओझं कशाला? त्याआधी २००७ मध्ये जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास केला होता. मन किती प्रसन्न आहे, यावरून रुग्ण किती जगेल हे त्यात ठरलं नाही. मन प्रसन्न असावं, जरूर असावं, पण ते नसणं हा गुन्हा नाही.

हे आपल्यापासून लांब नाही. पुण्यातल्या पेठांमध्ये खोली घेऊन पाच-सहा वर्षं परीक्षा देणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. जागा मूठभर आणि अर्ज लाखांनी. तिथे सगळ्यांनी सकारात्मक विचार केला तरी जागा वाढत नाहीत, हे गणित कोणत्याही भिंतीवर लिहिलेलं नसतं. निकाल लागला, नाव नाही. मग मुलगा काय म्हणतो? माझाच विश्वास कमी पडला. गावाकडे फोन करताना त्याचा आवाज बसतो, तो या हिशेबामुळे. ही शिकवण पुरवणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागत नाही.

आता श्रद्धेकडे येऊ. राइनहोल्ड नीबूर यांच्यासारख्या धर्मचिंतकानं पील यांच्यावर टीका केली, ती धर्माच्या बाजूनं. देवाला आपल्या यशाचं साधन केलं, तर ती श्रद्धा उरते का? मराठी श्रोत्याला हा प्रश्न नवा वाटू नये. मनाला उपदेश करण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. रामदासांचे २०५ मनाचे श्लोक आहेतच. पण रामदास मनाला धीर देतात तो आधी एक कडू सत्य कबूल करायला लावून: पूर्ण सुखी असा माणूस शोधून सापडत नाही. आणि तुकोबा? १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, घरातली माणसं गेली. त्यांनी ते गाथेत लपवलं नाही, विठ्ठलाशी भांडले, स्वतःच्या शंका मांडल्या. पील यांच्या कसोटीवर हे सारे नकारात्मक विचार. आमच्या मते ती श्रद्धाच होती, आणि टिकाऊ होती, कारण तिच्यात रडायला मुभा होती.

मग पुस्तक फेकून द्यायचं का? नाही. त्याच दहा नियमांत एक नियम फार चांगला आहे, आणि त्याचीच आठवण कुणी काढत नाही. पील सांगतात, की आपल्या कुवतीचा खरा अंदाज घ्या, आणि मग तो दहा टक्क्यांनी वाढवा. वाक्याचे दोन्ही भाग नीट पाहा. आधी खरा अंदाज, नंतर वाढ. आणि वाढ किती? दहा टक्के. आकाशाला गवसणी नाही. पुढच्या वक्त्यांनी, आणि पुष्कळदा खुद्द पील यांनीही, पहिला भाग सोडून दिला आणि दहाचे हजार टक्के केले.

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली ‘मला हे जमेल’ या भावनेचा सिद्धान्त मांडला, तोही याच्याशी जुळतो. ही भावना कशातून येते? सर्वांत जास्त, एखादं काम स्वतः करून ते जमल्याच्या अनुभवातून. नुसत्या शाबासकीचं बळ त्या मानानं कमी. म्हणजे विश्वास आधी आणि काम नंतर, असा सरळ क्रम नाही. थोडं काम, त्यातून थोडा विश्वास, त्यावर आणखी थोडं काम, अशी ती चढण आहे. ओटिंगेनही हेच सुचवतात. इच्छा मनात आणा, पण लगेच तिच्या आड येणारी स्वतःमधली अडचण कोणती ते विचारा, आणि ती आली की काय करायचं ते आधीच ठरवा. अडचणीचं नाव घेणं म्हणजे अपशकुन नव्हे.

म्हणून, ज्यांच्या घरात परीक्षेला बसणारं किंवा आजारपणातून जाणारं कुणी आहे, त्यांना आमची एक विनंती. त्यांना ‘पॉझिटिव्ह राहा’ असं सांगण्याआधी ‘नेमकं कुठे अडतंय?’ असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कुवतीचा खरा अंदाज बहुतेकदा एकट्याला घेता येत नाही. त्याला कुणीतरी सोबत लागतं. पुढचे दहा टक्के त्यानंतरचे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न जरूर विचारा.